पालथी होडी, पाच मुखपृष्ठं

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात भावाचा फोन आला. "होडी वर घेतली आज. शाकारून पन झाली," तो म्हणाला. मी "बरं" म्हटलं. मग त्याने फोन ठेवला. वेळणेश्वरच्या पुढे आमचं गाव. दर वर्षी या दिवसांत भाऊ हा फोन करतो आणि दर वर्षी मी त्याला रत्नागिरीतून दहा प्रश्न विचारते. ओढायला किती माणसं लागली, ओंडके जुनेच घातलेस का, झाप कुणी विणले. यंदा एकही प्रश्न सुचला नाही.

शाकारणं म्हणजे पावसाळ्यासाठी झाकून ठेवणं. मोठ्या बोटी उभ्याच ठेवून वरून शाकारतात. आमच्यासारखी दोन माणसांची लहान होडी मात्र ओढत माडांखाली नेतात आणि तिची उलांडी, म्हणजे ती कलंडू नये म्हणून बाजूला बांधलेलं लाकूड, सोडून ठेवतात. मग होडी दोन ओंडक्यांवर पालथी घालायची आणि वरून झावळ्यांचे विणलेले झाप टाकायचे. नारळी पौर्णिमेपर्यंत ती तशीच. हल्ली झाप विणायला कुणाला वेळ नसतो, निळी ताडपत्री येते, नाहीतर जुने फ्लेक्स. परवा मिरकरवाड्याच्या बाजूने रिक्षाने येताना पाहिलं, एका बोटीवर कुणा भाऊसाहेबांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स टाकला होता. भाऊसाहेब खाली डोकं वर पाय, हात जोडलेले, आणि गळ्याशी दोरी करकचून आवळलेली. एरवी मी रिक्षावाल्याला थांबवून पुन्हा बघितलं असतं आणि घरी येऊन सांगितलंही असतं. त्या दिवशी 'हे हसण्यासारखं आहे' एवढं फक्त कळलं. वर्षभर असंच चाललंय. गोष्टी कळतात, आत पोचत नाहीत.

माझे पती गेल्या वर्षी याच आठवड्यात गेले. आम्ही दोघं एकाच हायस्कुलात होतो. ते मराठी शिकवायचे, मी चित्रकला. लग्नाआधी मी त्यांना सर म्हणत होते आणि ते मला बाई. लग्नानंतर ते बदलायला हवं होतं, पण दोघांच्याही जिभेला वळण लागलं नाही. भांडतानासुद्धा "सर, तुम्हाला काडीची अक्कल नाही" आणि "बाई, ऐकून तर घ्या" असं चालायचं. शेजारच्यांना आमची भांडणं ऐकायला फार आवडायची.

सर गेले तेव्हा मला रडू आलं नाही. दहाव्याला नाही, तेराव्यालाही नाही. बाई खंबीर आहेत, असं लोक म्हणाले. खंबीर वगैरे काही नव्हतं. दाढ काढण्याआधी डॉक्टर इंजेक्शन देतात आणि मग गालाला हात लावला तर तो दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो, तसं माझं सगळ्याच बाबतीत झालं होतं. भाताला चव नव्हती, पण मी भात खात होते. टीव्हीवरच्या मालिकेत कोण कुणाचा कोण हे सांगू शकत होते. सरांचे शर्ट इस्त्री करून देऊनही टाकले.

सरांनी आयुष्यात एकच कादंबरी लिहिली. तिचं नाव इथे देत नाही, बायकोने जाहिरात केल्यासारखं दिसेल. पंचवीसेक वर्षांपूर्वी पुण्याच्या एका प्रकाशकाने ती छापली, ज्यांना वाचायची त्यांनी वाचली आणि बाकीच्या प्रती गठ्ठ्यांतच राहिल्या. सर निवृत्त झाल्यावर कुणा एका बाईंना ती रद्दीच्या दुकानात सापडली. त्यांनी ती इंग्रजीत नेली आणि तिथून ती जी सुटली ती थांबायचं नाव घेईना. सर होते तोवर इंग्लंड आणि अमेरिका झाले होते. जर्मनी आणि फ्रान्स नंतर आले. गेलेल्या माणसाच्या नावाने पार्सल येतं. पोस्टमन संकोचून म्हणतो, "सरांचं आहे," आणि मी सही करून घेते. स्वयंपाकघरातल्या कात्रीने पाकीट उघडते आणि पुस्तक जेवायच्या टेबलावर ठेवते. जेवणारी मी एकटी, टेबल रिकामंच असतं.

अशी ती चार पुस्तकं यंदाच्या मे महिन्यात टेबलावर शेजारी शेजारी पडलेली होती. जन्मभर मुलांच्या चित्रांना गुण दिले, ती खोड जात नाही. जेवता जेवता मी त्यांच्याकडे बघायचे.

लंडनच्या मुखपृष्ठावर एक बाई पाठमोरी उभी. लाल साडी, कमरेवर पितळी कळशी, समोर समुद्र, कोपऱ्यात मोर. आमच्या कादंबरीत मोर नाही. आमच्या किनाऱ्यावर कावळे असतात, घारी असतात, मासळी वाळत घातली असेल तर बगळे येतात. मोर आला असता तर आईने त्याला काठीने हाकललं असतं. आणि कळशी घेऊन माणूस विहिरीकडे जातो, समुद्राकडे कशाला जाईल? रंगकाम मात्र सुरेख. दहापैकी सात.

अमेरिकेचं भाषांतर तेच, पुस्तक तेच, पण मुखपृष्ठ वेगळं. जांभळी संध्याकाळ, डुलणारे माड, आणि पाण्यावर एक होडी. तिला उंच शीड, पुढचं टोक हंसाच्या मानेसारखं वर वळलेलं, आणि आत दोन माणसं एकमेकांकडे तोंड करून बसलेली. अशी होडी आमच्या खाडीत आणली तर लोक तिकीट काढून बघायला येतील. उलांडीचा पत्ताच नाही. दहापैकी चार, तेही अक्षरांसाठी.

जर्मनीवाल्यांनी काढली खिडकीशी एक रिकामी खुर्ची, बाहेर पाऊस, सगळं राखाडी. आमच्या घरी त्या काळात खुर्ची नव्हती, पाट होते. पण ते चित्र मी इतरांपेक्षा जास्त वेळ बघत बसायचे. फ्रान्सवाल्यांनी काहीच काढलं नव्हतं. दुधावरच्या सायीच्या रंगाचा कागद आणि त्यावर बारीक अक्षरांत सरांचं नाव. त्यांच्याकडे म्हणे चांगली पुस्तकं अशीच काढतात. कोऱ्या कागदाला किती गुण द्यायचे हे मला चाळीस वर्षांत कळलं नाही, शाळेतही अशी मुलं असायची.

आणि या चारांतल्या एकाही मुखपृष्ठावर पालथी होडी नव्हती. कादंबरीत मात्र होडी पहिल्या पानावर पालथी होते आणि शेवटच्या पानावर सुलटी. मधल्या सगळ्या पानांत ती एकदाही पाण्यात जात नाही.

ती होडी आमची. मी आठवीत होते त्या वर्षी वैशाखात बाबा काविळीने गेले. होडी तेव्हा नुकतीच शाकारून झाली होती, त्यांनीच शाकारली होती, डोळे पिवळे झालेले असताना. त्या पावसाळ्यातलं मला नीट ओळीने काही आठवत नाही. सुकटीचा वास आठवतो, ओल्या झापांचा कुजका गोडसर वास आठवतो. आई रोज सकाळी सुकी मासळी घेऊन वरच्या वाड्यांमध्ये फिरायची, दुपारी यायची, आणि पाऊस उघडला असेल तर पालथ्या होडीवर जाऊन बसायची. तिच्या शेजारी होडीच्या पोटावर कपडे वाळत घातलेले असायचे. मांजर खाली व्यालं होतं. पिल्लं ओरडायची, पण आई वाकून बघायची नाही.

नारळी पौर्णिमा आली. सगळ्यांच्या होड्या सुलट्या झाल्या, नारळ सोडले गेले. काका आमच्या दारात आले, बरोबर चार माणसं. "वयनी, होडी काढू ना?" आई पायरीवर बसून सुकट निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ऱ्हावंदे." काका माणसांना घेऊन परत गेले. गणपतीत पुन्हा विचारलं, नवरात्रात विचारलं. तिचं उत्तर तेच. भाऊ तेव्हा एकोणीस वर्षांचा, चांगला बाप्या माणूस. दुसऱ्यांच्या होडीवर जायचा आणि संध्याकाळी आपल्या होडीकडे न बघता घरात शिरायचा. सगळ्या किनाऱ्यावर एकच होडी पालथी राहिली होती. मला तिची लाज वाटायची. आईला काय वाटायचं ते मला कळत नव्हतं, कारण तिला काही वाटतच नसावं असं तिच्या चेहऱ्यावरून दिसायचं. आता कळतं. मीही वर्षभर तोच चेहरा घेऊन बाजारात जाते.

दिवाळीच्या तोंडावर, कडक ऊन पडलं होतं, आई भाजीचं आळं करता करता अचानक उठली आणि होडीवरचे झाप ओढून काढायला लागली. झाप हातात तुटत होते. भाऊ धावला. "धर त्या बाजूनं," आई एवढंच म्हणाली. आम्ही तिघांनी मिळून होडी उलटवली. खाली गवत उगवलं होतं. पाच-सहा महिने ऊन न लागलेलं, लांबच लांब, पांढरं फटक गवत. माणसाच्या केसांसारखं एका अंगाला झोपलेलं. आई त्या गवताकडे बघत राहिली आणि मग मोठ्याने रडली. वैशाखानंतर पहिल्यांदा. दुसऱ्या दिवशी बघितलं तर गवताला किंचित हिरवा रंग आला होता.

हे सगळं मी सरांना सांगितलं होतं. सर पोफळीच्या कॉलनीत वाढले. त्यांचे वडील तिथे वीजघरात होते. पाण्याचा त्यांचा संबंध एवढाच की ते डोंगरातून खाली येतं आणि दिवे लागतात. समुद्र त्यांनी नोकरीला रत्नागिरीत आल्यावर रोज बघायला सुरुवात केली. पोहता शेवटपर्यंत आलं नाही. होडी पालथी का घालतात, असं त्यांनी मला लग्नाच्या पहिल्या वर्षी विचारलं आणि मी पोट धरून हसले. मग सांगितलं, आणि सांगता सांगता त्या पावसाळ्यावर आले. सर ऐकत राहिले. पुढची आठ-नऊ वर्षं ते शाळेतून आल्यावर, उत्तरपत्रिका तपासून झाल्यावर, एका हिशेबाच्या लांबुळक्या वहीत लिहीत होते.

मुखपृष्ठ मी काढलं. सरांनीच गळ घातली. वाळू, वर पावसाचं भरलेलं आभाळ, आणि मध्ये दोन ओंडक्यांवर पालथी होडी. माड नाही, माणूस नाही. आठ दिवस ते आभाळ जमत नव्हतं. जमलं तेव्हा मी चित्र पुठ्ठ्यात घालून पोस्टाने पुण्याला पाठवलं. सही केली नाही. पुस्तक सरांचं, त्यावर माझी सही कशाला, असं मला तेव्हा वाटलं. आणि वर कुठली बाजू, खाली कुठली, तेही मागे लिहिलं नाही. ते लिहायचं असतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. वाळूवरची होडी पालथी असते, हे आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा सांगेल.

पुण्याच्या छापखान्यात शेंबडं पोर नव्हतं. कुणीतरी चित्र हातात घेतलं, होडी उलटी दिसली, चित्र उलटं आलंय असं समजून सरळ केलं आणि छापलं. माझी वाळू वर जाऊन पिवळं आभाळ झाली, माझं आभाळ खाली येऊन समुद्र झाला, आणि होडी त्यावर निवांत तरंगायला लागली. ओंडक्यांची दोन टोकं होडीच्या काठावर आली. एका परीक्षणात तर लिहून आलं की संध्याप्रकाशात होडीत बसलेली दोन माणसं फार हृद्य आहेत. अमेरिकेतली दोन माणसं कुठून आली असतील ते मला बरोबर माहीत आहे. माझे ओंडके सातासमुद्रापार जाऊन माणसं झाले.

पहिली प्रत घरी आली त्या दिवशी मी जेवले नाही. "एक पत्र टाका," मी सरांना म्हटलं, "वेष्टन बदलून द्यायला सांगा." सर म्हणाले, "बाई, पहिलंच पुस्तक आहे. त्या भल्या माणसाने पदरमोड करून काढलंय. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करून घेऊ." मी म्हटलं, "तुमची कादंबरी आहे, तुमची होडी असती तर कळलं असतं." त्या वाक्याचा मला नंतर पश्चात्ताप झाला, पण तसं कधी बोलून दाखवलं नाही. मी ठरवलं, त्या चित्राकडे पुन्हा बघायचं नाही. आणि खरंच बघितलं नाही.

सरांनी त्यातली एक प्रत दिवाणखान्याच्या काचेच्या कपाटात, समोरून दिसेल अशी उभी करून ठेवली. दर शनिवारी मी कपाट पुसायचे, आणि दर शनिवारी ते पुस्तक उलटं ठेवलेलं असायचं. अक्षरं खाली डोकं करून. मी ते सरळ करायचे, पुढच्या शनिवारी पुन्हा उलटं. मराठीचा मास्तर आणि स्वतःचं पुस्तक उलटं ठेवतो, म्हणून मी येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर त्यांची चेष्टा करायचे. सर हसायचे, आणि चष्मा पुसायला घ्यायचे. चष्मा, छत्री, पाकीट, सगळंच कुठेतरी विसरणारा माणूस, मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. सर गेल्यानंतर मी कपाट पुसणंच सोडलं.

आता इतक्या वर्षांनी पुढची आवृत्ती निघते आहे. बाहेरच्या देशांनी उचलून धरल्यावर आपल्यालाही कादंबरी आठवली. प्रकाशकांची सून आता काम बघते, मुग्धा तिचं नाव. गोड बोलते. तिने मे महिन्यातच व्हॉट्सॲपवर विचारलं, "मॅडम, जुनं कव्हर आता जरा डल वाटतं. लंडनचं लोकांना ओळखीचं झालंय, तेच घेऊया का?" खाली लाल साडी, कळशी आणि मोर. मी तेव्हा भाताला पाणी ठेवत होते. एका अंगठ्याने 'चालेल' लिहिलं आणि पाठवून दिलं. भात झाला, मी जेवले, भांडी घासली. ज्या चित्रावरून मी नवऱ्याशी तसं बोलले होते, ते कायमचं काढून टाकायला मी एका शब्दात होकार दिला आणि मला काहीसुद्धा वाटलं नाही. आपल्याला काही वाटत नाहीये याचंही काही वाटलं नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात जपानचं पार्सल आलं.

इतरांपेक्षा लहान पुस्तक, तळहातावर मावेल एवढं. खालच्या बाजूने कागदाची एक पट्टी गुंडाळलेली, त्यावर त्यांची अक्षरं. पट्टी सरकवून काढली. खाली वाळू होती. वाळूवर काळसर, लांबट, मासा उताणा पडल्यासारखं काहीतरी होतं. आणि त्याखाली दोन ओंडके.

मी खुर्चीत बसले. कुणी काढलं असेल हे? बाई असेल की बुवा? आमचा किनारा त्या माणसाने पाहिलेला नाही, आमची होडी पाहिलेली नाही. मराठी प्रत त्याच्या हाती पडली असेल तर तिच्यावरची होडी तरंगतच होती. त्याने फक्त आतलं वाचलं आणि होडी पालथी घातली. मी वेष्टन काढून बघितलं, बांधणी बघायची सवय म्हणून. आतल्या पुठ्ठ्यावर, जिथे कुणी बघत नाही तिथे, पांढऱ्या शाईने बारीक रेघा ओढलेल्या होत्या. एका अंगाला झोपलेलं गवत.

मी उठून कपाटातली मराठी प्रत काढायला गेले, शेजारी ठेवून बघावी म्हणून. प्रत उलटी होती. म्हणजे सरांनी ती शेवटची ठेवली तशीच, वर्षभराची धूळ घेऊन. हात नेहमीप्रमाणे ती सरळ करायला गेला आणि थांबला. मी तिला तशीच टेबलावर आणून जपानी पुस्तकाच्या शेजारी ठेवली. दोन्हींवर खाली वाळू, वर आभाळ. दोन्ही होड्या पालथ्या. अक्षरं उलटी होती एवढंच. इतकी वर्षं मी अक्षरं बघत होते.

हे त्यांनी मुद्दाम केलं होतं? की मी आता ओढून ताणून अर्थ लावत होते? वेंधळा माणूसच तो, एकदा उलटं, दुसऱ्यांदा उलटं, असं असूही शकतं. पण दर वेळी? विचारायचं कुणाला? त्या संध्याकाळी मी त्या एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिले. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं, कारण वर्षभरात पहिल्यांदा मला काहीतरी हवं होतं. मला ते उत्तर हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुग्धाला फोन केला.

"मॅडम, कव्हर प्रेसला द्यायच्या बेतात आहे. तुम्ही चालेल म्हणाला होतात."

"म्हणाले होते. आता नाही चालत."

मी म्हटलं, मूळ चित्र छपाईनंतर तुमच्याकडून परत आलेलं माझ्याकडे आहे, ते आजच कुरियर करते, आणि ते मी सांगते तसंच छापायचं. होडी पालथी.

"पण मॅडम, लोकांना वाटेल आम्ही उलटं छापलं."

"वाटू दे. शेवटचं पान वाचलं की कळेल त्यांना."

"सासऱ्यांना विचारते," ती म्हणाली, आणि दहा मिनिटांनी तिचा परत फोन आला. सासऱ्यांचं म्हणणं पडलं की बाई रागावून पंचवीस वर्षं झाली, आता ऐकायला हवं. म्हणजे त्या भल्या माणसालाही माहीत होतं. पत्र गेलंच नव्हतं, मग कसं कळलं? सर पुण्याला गेले असताना बोलले असणार. मला काही सांगितलं नव्हतं.

माळ्यावरून पुठ्ठा काढला. वाळवीने एक कोपरा खाल्ला होता, आभाळ शाबूत होतं. मागच्या बाजूला मी बाण काढून 'ही बाजू वर' असं ठळक लिहिलं. मग चित्र सुलटं केलं आणि उजव्या कोपऱ्यात, वाळूत, सही केली.

जूनच्या अखेरीस भावाची बायको मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी रत्नागिरीत आली. वयनी आमच्याकडे कधीपासूनच उतरते, दवाखाना असो की लग्नाचा बस्ता. तवसाळहून फेरीबोटीने जयगडला, तिथून एसटी, हातात पिशवी आणि पिशवीत आमसुलं. वयनी शाळेत गेलेली नाही. सही करते, पण अक्षर वाचता येत नाही. ऑपरेशननंतर एक दिवस डोळ्यावर हिरवी पट्टी, मग आठवडाभर काळा चष्मा. ज्या दिवशी चष्मा काढायला परवानगी मिळाली त्या दिवशी ती घरभर फिरून एकेक वस्तू नव्याने बघत होती. कॅलेंडर, पंखा, भिंतीचा उडालेला रंग. "रंग काढून घ्या गो," म्हणाली. मग काचेच्या कपाटापाशी उभी राहिली. मी ते पुस्तक परत तिथेच ठेवलं होतं, सरांनी ठेवलं होतं तसंच.

"होडी बरी शाकारलीस हां यंदा," वयनी म्हणाली.

मी स्वयंपाकघरातून बाहेर आले. "काय म्हणालीस?"

"होडी. पावसात तू ती उताणी करून ठेवतीस ना दरवर्साला. भावजी बिचारे परत पालथी घालीत." ती काचेजवळ डोळा नेऊन बघत होती. "मी एकदा त्यांना इचारला पन, ह्यो काय खेळ चाललाय तुमचा. तर बोल्ले, वहिनी, बाईंची होडी आहे ती, पावसात उघडी नको."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"त्यांनीच नको म्हनून सांगितलानी. बाईंना बोलू नका, पुन्हा त्या छापखान्याचा भांडान निघेल." वयनीने वळून माझ्याकडे बघितलं. "आनी माला वाटला, एवडी वर्सा झाली, तुला म्हायती असंल."

मला माहीत नव्हतं. दर शनिवारी मी त्यांची होडी उताणी करत होते आणि ते ती गुपचूप पालथी घालत होते. त्यांची नव्हे, माझी. ज्या होडीवरून मी त्यांना टोचून बोलले, ती त्यांनी पंचवीस पावसाळे, उन्हाळे आणि हिवाळेसुद्धा, शाकारून ठेवली. मी रडले. हुंदके देऊन, आवाज करून, शेजारच्यांना ऐकू जाईल असं. वयनी घाबरली नाही. तिने मला खुर्चीत बसवलं, पदराने माझं तोंड पुसलं, आणि मग माझ्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली. पाऊस खिडकीतून आत येत होता, टेबलावरच्या पाचही पुस्तकांवर तुषार पडत होते. मी हात पुढे केला तशी ती म्हणाली, "तू बस," आणि तिने जाऊन खिडकी लावून घेतली.